परक्या गाण्यांची मालकीण

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गाणं विकलं जायचं ते कागदावर. वर रंगीत मुखपृष्ठ, आत पियानोची स्वरलिपी आणि तिच्याखाली शब्द, अशी चार-सहा पानांची छापील वही असे. ज्यांच्या घरी पियानो असायचा ते ही वही विकत आणत आणि संध्याकाळी घरातली माणसं पियानोभोवती जमून गात. न्यूयॉर्कच्या पश्चिम २८व्या रस्त्यावर या वह्या छापणाऱ्या प्रकाशकांची दाटी होती. उघड्या खिडक्यांतून एकाच वेळी अनेक पियानो वाजत असत. त्या गोंगाटावरूनच या भागाला ‘टिन पॅन ॲली’, म्हणजे पत्र्याच्या भांड्यांची गल्ली, असं नाव पडलं म्हणतात. वहीवर चाल बांधणाऱ्याचं आणि शब्द लिहिणाऱ्याचं नाव असे. हक्क त्यांचे आणि पैसे त्यांचे नि प्रकाशकाचे. गाणाऱ्याचा किंवा गाणारीचा फोटो फार तर मुखपृष्ठावर, जाहिरातीपुरता. मालकीत तिचा वाटा नव्हता.

यातली बहुतेक गाणी एका हंगामात विरून गेली. जी टिकली, ज्यांना पुढच्या प्रत्येक पिढीतल्या वादकाने आणि गायकाने हात लावला, त्यांना जॅझच्या दुनियेत ‘स्टँडर्ड’ म्हणतात. आपल्याला ही गोष्ट परकी वाटायला नको. बंदिश कुणाची आहे हे आपल्याला ठाऊक असतं, तरी आपण मैफिलीला जातो ते मांडणी ऐकायला. स्टँडर्डचा सांगाडाही बंदिशीइतकाच आटोपशीर असतो. चार मात्रांचा एक खंड, असे बहुधा बत्तीस खंड. आठ खंडांचा मुखडा दोनदा, मग आठ खंडांचं वेगळ्या रंगाचं वळण आणि शेवटी पुन्हा मुखडा. एवढ्या जागेत काय करायचं ते करा.

बिली हॉलिडेने एवढ्या जागेत जे केलं त्याने मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे. तिच्या गाण्यांमागच्या हकिकती शोधायला लागलो आणि प्रत्येक हकिकतीपाशी एकच प्रश्न पुढे आला: हे गाणं नक्की कुणाचं?

तिचा जन्म ७ एप्रिल १९१५ चा, फिलाडेल्फियातला. नाव एलिअनोरा फेगन. बालपण बाल्टिमोरमध्ये गेलं, तेही फार वाईट अवस्थेत. वडील क्लॅरेन्स हॉलिडे गिटार वाजवायचे आणि घरी जवळजवळ नसायचेच. पुढे रंगमंचावरचं नाव घेताना तिने ‘बिली’ हे मूकपटांतली नटी बिली डव हिच्याकडून उचललं आणि ‘हॉलिडे’ त्या न राहणाऱ्या बापाकडून. १९३३ मध्ये जॉन हॅमंड या तरुण संगीतवेड्या निर्मात्याने तिला हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्या वस्तीतल्या एका छोट्या क्लबात ऐकलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं.

खरी सुरुवात मात्र २ जुलै १९३५ ची. न्यूयॉर्कमध्ये ब्रन्सविक कंपनीसाठी पियानोवादक टेडी विल्सनने सहा वादक जमवले होते. त्यात क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, ट्रम्पेटवर रॉय एल्ड्रिज, टेनर सॅक्सोफोनवर बेन वेब्स्टर. बिली वीस वर्षांची होती. या तबकड्या मुख्यतः ज्यूकबॉक्ससाठी, म्हणजे नाणं टाकून तबकडी ऐकायच्या यंत्रासाठी, निघत, आणि त्यातही काळ्या वस्त्यांतल्या ज्यूकबॉक्ससाठी. म्हणून खर्च कमीत कमी. लिहून आणलेलं संगीत-संयोजन नाही, तालमी नाहीत. एका बैठकीत चार गाणी उरकायची. गायिकेला ठरलेली बिदागी हातावर मिळायची आणि तिचा संबंध तिथे संपायचा. तबकडी किती खपली याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आणि गाणी कुठली? प्रकाशकांची भरवशाची नवी गाणी गोऱ्या नामांकित वाद्यवृंदांकडे जात. विल्सनसमोर येई तो उरलेला गठ्ठा. त्यातून तो आणि बिली चार निवडत, पियानोवर दोनदा वाजवून बघत आणि मुद्रणाला लागत. त्या दिवशीच्या चारांपैकी एक होतं ‘व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू’. ते १९३४ च्या ‘रोड हाउस’ नावाच्या ब्रिटिश चित्रपटासाठी हॅरी वुड्स या अमेरिकन गीतकार-संगीतकाराने लिहिलं होतं. या वुड्सला जन्मतःच डाव्या हाताला बोटं नव्हती. तरी त्याच्या आईने त्याला पियानो वाजवायला प्रोत्साहन दिलं आणि त्याने उजव्या हाताच्या जोरावर एकामागून एक लोकप्रिय गाणी लिहिली. ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ या प्रसिद्ध गाण्याच्या कर्त्यांतही त्याचं नाव आहे.

मूळ गाणं कागदावर वाचलं तर साधं, काहीसं बाळबोध वाटतं. चांदणं पडलं की प्रेमात पडलेल्याला शब्द सुचत नाहीत, एवढाच त्याचा विषय. आता तबकडी लावा. वाद्यवृंद भरधाव निघाला आहे. गुडमनची क्लॅरिनेट पुढे धावते, ढोलांचा ठेका मागून ढकलतो, आणि मग बिलीचा आवाज येतो तो अजिबात घाई न करता. शब्द मात्रेवर पडतच नाही. तो मात्रेच्या किंचित मागे, रेलून बसल्यासारखा पडतो. द्रुत लयीत कसलेला गायक समेच्या जरा अलीकडे-पलीकडे खेळतो आणि आपला जीव टांगणीला लागतो, तसंच इथे होतं. फरक इतकाच की ती हे शिकली होती लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकून. आर्मस्ट्राँग आणि गायिका बेसी स्मिथ या दोघांचं ऋण तिने जन्मभर मान्य केलं.

तिच्या आवाजाची मर्यादा इथेच सांगायला हवी. पल्ला फार तर सप्तकभराचा, त्याहून थोडा जास्त. आवाजाला फेक नाही. मायक्रोफोन नसता तर तिचं गाणं मागच्या रांगेपर्यंत पोहोचलं नसतं. पण १९२५ पासून विजेवर चालणारं मुद्रण आलं होतं आणि कानाशी बोलल्यासारखं गाणं शक्य झालं होतं. उंच उडी मारणारी चाल आली की बिली ती उडी मोडून टाके. चालीतले चढउतार दोन-तीन सुरांच्या आसपास ओढून आणे, आणि चढायचं ते आवाजाच्या पोताने आणि उच्चाराने चढे. गाण्याच्या कर्त्याला कदाचित आपली चाल ओळखू आली नसती. माझ्या मते तिचं मोठेपण इथे आहे. मर्यादेमुळे तिला गाणं नव्याने बांधावं लागलं, आणि बांधलं म्हणून ते तिचं झालं.

याचा उत्तम नमुना म्हणजे ‘समरटाइम’. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहराचा लेखक ड्यूबोस हेवर्ड याने काळ्या मच्छीमार वस्तीवर ‘पोर्गी’ ही कादंबरी लिहिली, ती १९२५ ची. तिच्यावर जॉर्ज गर्श्विनने ऑपेरा करायचं ठरवलं आणि १९३४ च्या उन्हाळ्यात तो चार्ल्स्टनजवळच्या फॉली बीचवर जाऊन राहिला, तिथल्या काळ्या लोकांची प्रार्थनागीतं ऐकत. ‘पोर्गी अँड बेस’ १९३५ च्या शरदात ब्रॉडवेवर आला. त्यातलं हे पहिलंच गाणं म्हणजे अंगाई आहे. शब्द हेवर्डचे. ऑपेराच्या शिकलेल्या, वरच्या पट्टीत तरंगणाऱ्या आवाजासाठी गर्श्विनने ते बांधलं होतं. १९३६ च्या जुलैत बिलीने ते घेतलं, तेही खालच्या अंगाने, रस्त्यावरच्या बाईच्या आवाजात. खपाच्या यादीत पोहोचलेलं ‘समरटाइम’चं हे पहिलं मुद्रण. एका गोऱ्या लेखकाने आणि एका ज्यू संगीतकाराने काळ्या आईच्या तोंडी घातलेली अंगाई, आणि ती पहिल्यांदा लोकांच्या घरी पोहोचवली एका काळ्या मुलीने, जिला स्वतःला अंगाईचं सुख फारसं मिळालं नव्हतं. पुढे या गाण्याची हजारो मुद्रणं झाली. मला अजूनही हेच आधी आठवतं.

जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. याच काळात ही छापील गाणी बोटीने मुंबईलाही येत होती. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक हे संगीत शिकले. त्यातलाच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात होता. ‘अलबेला’ चित्रपटातल्या ट्रम्पेटमागे हार्लेमचा रस्ता आहे तो असा.

आता त्या गाण्याकडे वळतो ज्याच्याविषयी लिहिताना अजूनही हात थांबतो.

७ ऑगस्ट १९३० च्या रात्री इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावात जमावाने तुरुंग फोडून टॉमस शिप आणि एब्रम स्मिथ या दोन काळ्या तरुणांना बाहेर ओढलं आणि झाडाला टांगून मारलं. तिसरा, सोळा वर्षांचा जेम्स कॅमेरॉन, कसाबसा वाचला. लॉरेन्स बाइटलर या गावातल्या फोटोग्राफरने त्या झाडाचा फोटो काढला. वर दोन प्रेतं आणि खाली रविवारच्या जत्रेला आल्यासारखी गर्दी. कुणी हसतंय, एक माणूस झाडाकडे बोट दाखवतोय. बाइटलरने त्या फोटोच्या हजारो प्रती विकल्या.

त्यातली एक न्यूयॉर्कमधल्या एबल मीरोपोल या शिक्षकाने पाहिली. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला हा माणूस ब्रॉन्क्समधल्या डविट क्लिंटन हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचा, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता आणि ‘ल्यूइस ॲलन’ या नावाने कविता लिहायचा. ते टोपणनाव त्याच्या जन्मतःच दगावलेल्या दोन मुलांचं होतं. फोटोने त्याची झोप उडवली. त्याने ‘बिटर फ्रूट’ नावाची कविता लिहिली, ती १९३७ मध्ये शिक्षक संघटनेच्या मासिकात छापून आली. मग त्यानेच तिला चाल लावली आणि नाव दिलं ‘स्ट्रेंज फ्रूट’. सुरुवातीला त्याची बायको ॲन ते गात असे, मग मोर्चे आणि सभांमधून इतरांनी गायलं. कवितेत निषेधाची घोषणा कुठेच नाही. दक्षिणेतलं सुंदर निसर्गदृश्य आहे, आणि त्यातल्या झाडांना लागलेलं फळ काय आहे हे हळूहळू उलगडतं. मॅरियन गाव उत्तरेतल्या राज्यातलं. कवितेने ते दक्षिणेत नेलं, कारण अशा हत्यांची सर्वाधिक संख्या तिथे होती.

१९३८ च्या डिसेंबरात बार्नी जोसेफसन या चपला विकणाऱ्याने ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘कॅफे सोसायटी’ नावाचा क्लब काढला. काळे आणि गोरे प्रेक्षक तिथे खरोखर शेजारी शेजारी बसत. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये अशा जागा अगदी थोड्या होत्या. कलाकार काळा आणि प्रेक्षक गोरे, ही हार्लेममधल्या नामांकित क्लबांचीसुद्धा रीत. बिली या नव्या क्लबाची पहिली मोठी गायिका. नुकताच तिने आर्टी शॉचा गोरा वाद्यवृंद सोडला होता, कारण ज्या हॉटेलात ती गात होती तिथेच तिला सामानाच्या लिफ्टने वर जायला सांगण्यात आलं होतं.

मीरोपोल क्लबात आला आणि त्याने पियानोवर गाणं ऐकवलं. मीरोपोलला पुढे आठवत होतं की पहिल्यांदा बिलीवर त्याचा फारसा परिणाम झालेला दिसला नाही. मग तिने ते हाती घेतलं. जोसेफसनने सादरीकरणाचे नियम घातले ते असे: गाणं शेवटचं असेल. ते सुरू होण्याआधी वेटर जागच्या जागी थांबतील, गल्ल्यावरचा व्यवहार बंद होईल. सगळे दिवे जातील, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत राहील. शेवटच्या सुरावर तोही विझेल. दिवे परत येतील तेव्हा मंचावर ती नसेल. टाळ्या कितीही पडोत, ती परत येणार नाही. पहिल्या रात्री गाणं संपल्यावर बराच वेळ कुणी टाळी वाजवली नाही, मग एकाने चाचरत सुरुवात केली, असं बिलीने आत्मचरित्रात लिहिलं आहे.

तिचा करार कोलंबिया कंपनीशी होता. कंपनीने हे गाणं मुद्रित करायला नकार दिला, दक्षिणेतल्या दुकानदारांची भीती होती. मिल्ट गॅब्लर या माणसाचं ४२व्या रस्त्यावर ‘कमोडोर’ नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि त्याच नावाने तो छोट्या प्रमाणावर तबकड्या काढायचा. बिली त्याच्याकडे गेली. कोलंबियाने एका बैठकीपुरती परवानगी दिली आणि २० एप्रिल १९३९ ला मुद्रण झालं. गाणं फार लहान होतं, तबकडीची बाजू भरत नव्हती. म्हणून गॅब्लरने पियानोवादक सनी व्हाइटला आधी काहीतरी वाजवायला सांगितलं. त्यामुळे ट्रम्पेट आणि पियानोचा संथ, दबकत चाललेला मिनिटभराहून लांब प्रवेश आहे आणि मग आवाज येतो. एका व्यावहारिक अडचणीतून ती वाट पाहणं आलं, आणि आज त्या वाट पाहण्याशिवाय गाण्याची कल्पनाच करता येत नाही.

१९५६ च्या आत्मचरित्रात बिलीने लिहिलं की कविता मीरोपोलची, पण चाल तिने आणि सनी व्हाइटने मिळून लावली. मीरोपोलला हे फार लागलं. त्याने हक्क सांगितला आणि तो खरा होता: बिलीच्या आधी दुसऱ्या लोकांनी हेच गाणं याच चालीवर गायलं होतं. तिने तसं का लिहिलं असावं याचा मी खूप विचार केला आहे. तिचे वडील क्लॅरेन्स १९३७ मध्ये टेक्सासमध्ये न्यूमोनियाने वारले. काळ्या माणसाला वेळेवर दवाखान्यात घेतलं गेलं नाही म्हणून ते गेले असं तिचं ठाम मत होतं, आणि या गाण्यात तिला ते दिसायचे. कागदावर खोटं असलेलं विधान तिच्या मनात खरं झालं होतं, असं मला वाटतं. मीरोपोलचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. त्याने या गाण्याची किंमतही मोजली. न्यूयॉर्कच्या शाळांतले कम्युनिस्ट हुडकणाऱ्या चौकशी समितीने त्याला बोलावून विचारलं की हे गाणं लिहायला पक्षाने पैसे दिले का. पुढे १९५३ मध्ये जूलियस आणि एथेल रोझेनबर्ग यांना हेरगिरीच्या आरोपावरून मृत्युदंड दिला गेला, तेव्हा त्यांच्या पोरक्या झालेल्या दोन मुलांना दत्तक घेणारे हेच एबल आणि ॲन मीरोपोल.

त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘फाइन अँड मेलो’ होतं. बारा खंडांचा साधा ब्लूज, बिलीच्या स्वतःच्या नावावर. वाईट वागणाऱ्या प्रियकराविषयीचं गाणं. ज्यूकबॉक्सच्या मालकांना एका बाजूची भीती वाटत होती, त्यांना ही बाजू लावता आली. या गाण्याकडे मी पुढे परत येणार आहे.

‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ची कथा दोन तोंडांनी सांगितली जाते. बिली म्हणते, आई सेडीला उपाहारगृह चालवायला तिने पैसे दिले होते, आणि एकदा स्वतःला गरज पडली तेव्हा आईने दिले नाहीत. भांडण झालं, त्या रागातून गाणं आलं. सहकर्ता आर्थर हर्झोग म्हणतो, त्याने बिलीकडे दक्षिणेतली एखादी जुनी म्हण मागितली, तिच्या तोंडून आईचे शब्द निघाले आणि बाकी सगळं त्याने थोड्या वेळात लिहून काढलं. मुद्रण मे १९४१ चं, कागदावर दोघांची नावं आहेत. माझा कौल आहे बिलीकडे. शब्द कुणी जुळवले ते हर्झोग जाणे, पण ज्याच्याकडे आहे त्याच्याच दारात मित्र येतात, हा कडवटपणा हर्झोगच्या घरचा नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने ‘ग्लूमी संडे’ गायलं. मूळ गाणं बुडापेस्टचं. रेझो शेरेश हा हॉटेलात पियानो वाजवणारा माणूस. १९३३ मध्ये त्याने चाल बांधली, कवी लास्लो यावोर याचे शब्द त्यावर बसले. गाणं ऐकून लोक जीव देतात अशा बातम्या युरोप-अमेरिकेच्या वर्तमानपत्रांनी इतक्या छापल्या की ‘आत्महत्येचं गाणं’ हेच त्याचं नाव झालं. बातम्यांतल्या फारच थोड्यांना पुरावा सापडतो. १९३० चं दशक हे मंदीचं आणि येऊ घातलेल्या युद्धाचं. हंगेरीत माणसं ज्या कारणांनी खचली होती ती गाण्याआधीपासूनची होती. इंग्रजी शब्द लिहिणाऱ्या सॅम ल्यूइसने शेवटी एक कडवं जोडलं, त्यात हे सगळं स्वप्न होतं असा दिलासा दिला. बिलीने ते कडवं गायलं आहे, पण तिच्या आवाजात तो दिलासा पटत नाही. बीबीसीने युद्धकाळात लोकांचं मनोबल खचेल म्हणून शब्दांसकट गाणं लावायला बंदी केली. ती २००२ पर्यंत टिकली. शेरेश ज्यू होता, नाझींच्या वेठबिगारीतून वाचला आणि बुडापेस्टलाच राहिला. १९६८ मध्ये त्याने स्वतःच आयुष्य संपवलं.

मग युद्ध, वादक संघटनेचा मुद्रणावरचा बहिष्कार, आणि १९४४ च्या ऑक्टोबरात डेक्का कंपनीसाठी ‘लव्हर मॅन’. गॅब्लर आता डेक्कात होता. या गाण्यासाठी मागे व्हायोलिनं हवीत म्हणून बिलीने त्याला गळ घातली. आज ही मागणी छोटी वाटेल. पण व्हायोलिनांचा ताफा मिळायचा तो बिंग क्रॉस्बीसारख्या गोऱ्या गायकांना. काळ्या गायिकेने ब्लूज गावा, मागे चार-सहा वादक पुरे, असा बाजाराचा हिशोब होता. गॅब्लरने व्हायोलिनं दिली आणि तबकडी चालली.

१९४७ मध्ये मादक पदार्थ बाळगल्याबद्दल तिला शिक्षा झाली. पश्चिम व्हर्जिनियातल्या ऑल्डरसनच्या तुरुंगातून ती मार्च १९४८ मध्ये सुटली आणि काही दिवसांतच कार्नेगी हॉल भरून माणसं तिला ऐकायला आली. पण न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या कुठल्याही क्लबात गायचं तर पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ लागे, आणि शिक्षा झालेल्याला ते मिळत नसे. म्हणजे जिथे तिचं गाणं जन्मलं, वीस-पंचवीस टेबलांच्या त्या छोट्या खोल्या, तिच्यासाठी आयुष्यभराकरता बंद झाल्या. हा नियम १९६७ मध्ये रद्द झाला. तोवर तिला जाऊन आठ वर्षं झाली होती.

८ डिसेंबर १९५७. सीबीएस दूरदर्शनवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा तासाभराचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला. बिली उंच स्टुलावर बसली आहे आणि भोवती वादकांचं कडं. गाणं तेच, ‘फाइन अँड मेलो’. या कड्यात लेस्टर यंग होता. तिसाच्या दशकात तिच्या कित्येक तबकड्यांवर त्याचा सॅक्सोफोन तिच्या आवाजाशी बोलला होता. त्याने तिचं नाव ‘लेडी डे’ ठेवलं, तिने त्याचं ‘प्रेझ’, म्हणजे राष्ट्राध्यक्ष. मधली काही वर्षं दोघांत दुरावा होता. लेस्टरची तब्येत इतकी ढासळली होती की त्याला बसून वाजवायला सांगितलं होतं. त्याची पाळी आली तसा तो उठला. बारा खंड, एकच आवर्तन. त्याच्या आधी वेब्स्टरने ताकदीने वाजवलं होतं. लेस्टरने मोजके, लांब सूर घेतले, मध्ये मोकळी जागा सोडली. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर आहे. ती मान हलवते, ओठ किंचित विलग होतात, जणू त्याने न वाजवलेला सूरही तिला ऐकू येतो. लेस्टर १९५९ च्या मार्चमध्ये गेला, बिली जुलैत.

जाण्याआधीचा एक संग्रह सांगायचा राहिला. रे एलिस या संयोजकाची एक रेकॉर्ड तिला आवडली होती, म्हणून तिने कोलंबियाला सांगून त्याला मागून घेतलं. फेब्रुवारी १९५८, न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरचा कोलंबियाचा स्टुडिओ. व्हायोलिनं, हार्प, मागे कोरस, असा मोठा वाद्यवृंद. बेचाळीस वर्षांची बिली हातात जिनचा पेला घेऊन माइकपुढे उभी. आवाज फाटलेला, श्वास कमी पडणारा. ‘लेडी इन सॅटिन’ या संग्रहातलं पहिलं गाणं ‘आय ॲम अ फूल टू वाँट यू’. त्याच्या कर्त्यांत फ्रँक सिनात्राचं नाव आहे. त्याने १९५१ मध्ये ते गाताना शब्दांत बदल केले म्हणून मूळ लेखकांनी त्याला हक्कात घेतलं. त्याच सिनात्राने १९५८ मध्ये ‘एबनी’ मासिकात सांगितलं की आपल्यावर सगळ्यात मोठा प्रभाव बिली हॉलिडेचा. शब्दाला मात्रेमागे रेलायला त्याने हिच्याकडे पाहून शिकून घेतलं होतं. म्हणजे तिचीच रीत तिच्याकडे एका परक्या गाण्यातून परत आली. मुद्रणाच्या वेळी एलिस निराश झाला होता, सूर हवे तसे लागत नव्हते. काही आठवड्यांनी त्याने सगळं एकत्र ऐकलं आणि त्याचं मत पालटलं. आपण सूर शोधत बसलो होतो, आणि ती काय सांगत होती ते ऐकलंच नव्हतं, असं त्याला वाटलं.

या संग्रहातलं ‘द एंड ऑफ अ लव्ह अफेअर’ हे एक गाणं तिला येत नव्हतं. बैठकीच्या वेळी ते बसेना, तेव्हा वाद्यवृंदाचा भाग आधी मुद्रित करून घेतला आणि वादकांना घरी सोडलं. मग बिली एकटी हेडफोन लावून उभी राहिली. या बैठकीच्या फिती पुढे, चाळीसेक वर्षांनी, प्रकाशित झाल्या. त्यात तयार वाद्यवृंद वाजतो आहे आणि ती गाणं शिकते आहे. एका ओळीत शब्द चुकतो, थांबते. पुन्हा सुरुवात करते. चालीतली एक जागा तिला पटत नाही, तिथे ती नुसती गुणगुणत पुढे जाते. पुढच्या फेरीत त्याच जागेवर दुसराच सूर आहे, खालचा, कागदावर नसलेला. तो लावून ती पुढच्या शब्दासाठी थोडं थांबते, व्हायोलिनं निघून जातात, आणि मग शब्द येतो.